मुलासाठी एक मोठं माणूस: सोबत उपचारासारखी कशी काम करते

ठाण्यात एखाद्या शाळेच्या समुपदेशकाच्या खोलीबाहेर थोडा वेळ बसलात, तर त्याच तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. मुलगा घरी काही बोलतच नाही. मुलगी मधल्या सुट्टीत एकटी बसते. आजोबा गेल्यापासून चिडचिड वाढली आहे. बाबांची बदली झाली आणि अभ्यासातून लक्षच उडालं. मग आईवडिलांचा प्रश्न येतो: थेरपी लावायची का?

प्रश्न रास्त आहे, आणि काही मुलांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट ‘हो’ असतं. ती मुलं कोणती, हे पुढे येईलच. पण बऱ्याच मुलांना आधी गरज असते ती एका मोठ्या माणसाच्या नियमित सोबतीची. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी येणारा आणि मुलाकडून काहीही करून घ्यायचं नसलेला माणूस. हे इतकं साधं वाटतं की त्याला उपचार म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणूनच त्यामागे काय घडतं ते जरा सविस्तर बघू.

सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका अनाथालयापासून करावी लागते. १९३०च्या दशकात हॅरल्ड स्कील्स हे मानसशास्त्रज्ञ तिथल्या मुलांची तपासणी करत. तान्ही मुलं दिवसभर पाळण्यात पडून असत. दूध वेळेवर मिळे, कपडे बदलले जात, पण उचलून घेऊन बोलणारं कोणी नसे. दोन लहान मुली इतक्या मागे पडल्या होत्या की त्यांना कोणी दत्तक घेणार नाही असं धरून त्यांची रवानगी बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेत, स्त्रियांच्या वॉर्डात झाली. काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेले, तर त्या मुली हसत-खेळत होत्या, माणसांकडे बघत होत्या, प्रतिसाद देत होत्या. वॉर्डातल्या बायकांनी त्यांना लळा लावला होता. त्या त्यांना मांडीवर घेत, त्यांच्याशी खेळत, त्यांचं कौतुक करत.

यानंतर स्कील्सनी तीन वर्षांखालची आणखी मुलं तिथे पाठवली. अशा एकूण तेरा मुलांचा बुद्ध्यांक सरासरी २७.५ गुणांनी वाढला. अनाथालयातच राहिलेल्या बारा मुलांचा सरासरी २६.२ गुणांनी घसरला. १९६६ साली त्यांनी या सगळ्यांची पुढची हकिगत प्रसिद्ध केली. तेव्हा तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते. दुसऱ्या गटातल्या निम्म्यांचं शिक्षण तिसरीच्या पलीकडेही गेलं नव्हतं. तेरापैकी अकरा मुलांना पुढे दत्तक कुटुंबं मिळाली, त्यामुळे सगळं श्रेय त्या वॉर्डाला देता येणार नाही. पण दत्तक जाण्याइतकी ती फुलली, ती त्या बायकांमुळे. त्यांच्यापैकी एकीकडेही पदवी नव्हती. बाळाकडे बघत राहायला वेळ मात्र भरपूर होता.

तान्ह्या बाळांचं ठीक, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांचं काय? त्यासाठी हवाई बेटांपैकी कौआई बेटावरचा अभ्यास बघावा. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला. साधारण एक तृतीयांश मुलं अवघड परिस्थितीत जन्मली होती: गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार. यातलीही एक तृतीयांश मुलं मोठी होऊन आत्मविश्वासाने, माया करत जगणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळं होतं हे शोधताना एक गोष्ट सतत पुढे आली. त्यांना निदान एक मोठं माणूस भक्कमपणे लाभलं होतं. ते आईवडीलच असावेत असं काही नव्हतं. कोणाला आजी होती, कोणाला मावशी, कोणाला शेजारी, कोणाला शाळेतल्या बाई.

‘एकच माणूस पुरतं’ हा मला या सगळ्या संशोधनातला सगळ्यात दिलासा देणारा भाग वाटतो. मुलाचं घर, त्याची शाळा, त्याच्या वडिलांचा स्वभाव हे सगळं बदलणं आपल्या हातात नसतं. एका माणसाने शनिवारी पाच वाजता येणं हातात असतं.

आता हे काम कसं करतं ते पाहू. मूल घाबरलं, दुखावलं गेलं किंवा त्याचा अपमान झाला, की मेंदूतला धोका ओळखणारा भाग शरीराला इशारा देतो. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठतात. हे सगळं आवरणारा, ‘थांब, विचार कर’ म्हणणारा भाग कपाळामागे असतो आणि तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला आपण ‘शांत हो’ म्हणतो, तेव्हा अजून घडत असलेल्या यंत्रणेकडून पूर्ण कामाची अपेक्षा करत असतो. मूल शांत होतं ते शेजारच्या शांत माणसाला धरून. त्या माणसाचा खालच्या पट्टीतला आवाज, सैल खांदे, न घाईने चालणं यातून मुलाच्या शरीराला कळतं की धोका टळला. असं शेकडो वेळा घडलं की हळूहळू मुलाला ते एकट्यानेही जमू लागतं. उपदेशाने हे होत नाही, कारण ताणाच्या क्षणी उपदेश समजून घेणारा भागच मागे पडलेला असतो.

दुसरी गोष्ट प्रतिसादाची. मूल काहीतरी दाखवतं, बोलतं, नुसतं बघतं, आणि समोरचा त्याला उत्तर देतो. सोसायटीच्या आवारात दोघं बॅडमिंटन खेळतात तसं हे आहे. शटल परत आलं तरच खेळ पुढे जातो. ज्या मुलाकडे ते कधी परत येत नाही, ते मूल मारायचंच थांबवतं, आणि मग आपण म्हणतो, हा काही बोलतच नाही. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आयांना आपल्या बाळासमोर काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात पुढे करून, आवाज काढून आईला परत आणायचा प्रयत्न करतात, आणि जमलं नाही की रडतात किंवा तोंड फिरवून घेतात. मोबाइलकडे बघत ‘हं, हं’ म्हणणाऱ्या आईबाबांसमोरचं मूल काय अनुभवत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

पण ट्रॉनिक यांच्याच कामातून एक मोठा दिलासाही मिळतो. चांगल्या नात्यातसुद्धा आई आणि बाळ प्रत्येक क्षणी जुळलेले नसतात. बराच वेळ ते चुकत असतात आणि पुन्हा जुळवून घेत असतात. नातं घट्ट होतं ते या जुळवून घेण्याने. त्यामुळे सोबत करणाऱ्या माणसाने परिपूर्ण असायची गरज नाही. एखाद्या दिवशी आवाज चढला, तर पुढच्या भेटीत ‘त्या दिवशी मी उगाच ओरडलो, माझं चुकलं’ एवढं म्हणता यायला हवं. पुष्कळ मुलांनी मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलेलंच नसतं.

ही सोबत ठरवून, उपचार म्हणून देता येईल का, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेत बर्कली इथे जेरल्ड गुडमन यांनी १९६०च्या दशकात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पाचवी-सहावीतल्या अडचणीतल्या मुलांचे सोबती म्हणून नेमलं. इस्रायलमध्ये १९७४ पासून ‘पेराख’ नावाची योजना चालते. तिच्यात विद्यापीठातले विद्यार्थी एकेका मुलाला वेळ देतात आणि बदल्यात त्यांना शिष्यवृत्तीची मदत मिळते. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही मुलांना मोठे सोबती मिळवून देणारी अमेरिकेतली तर १९०४ पासूनची चळवळ. तिच्या कामाची मोठी पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. दहा ते सोळा वयाची ९५९ मुलं होती. निम्म्यांना लगेच सोबती मिळाले, उरलेली दीड वर्ष प्रतीक्षा यादीत राहिली. सोबती मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थ पहिल्यांदा घेऊन बघणाऱ्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं, आणि मारामारीचं सुमारे एक तृतीयांशाने.

नंतर अशा अनेक पाहण्या एकत्र करून बघितल्यावर सरासरी परिणाम माफकच निघाला, हेही सांगायला हवं. काही जोड्यांचा खूप फायदा होतो, काहींचा अजिबात नाही. फरक कशाने पडतो, हे कळणं म्हणून जास्त महत्त्वाचं.

त्याच चळवळीतल्या ८२ जोड्यांशी संशोधकांनी सविस्तर बोलून बघितलं, तेव्हा दोन प्रकारची मोठी माणसं दिसली. पहिल्या प्रकारची माणसं मुलाला सुधारायला आली होती. मार्क वाढवू, सवयी लावू, वळण लावू. भेटीत काय करायचं ते तीच ठरवत. दुसऱ्या प्रकारची माणसं आधी ओळख करून घ्यायला आली होती. ती मुलाला विचारत, त्याच्या कलाने घेत, अभ्यासाचा विषय मूल काढेपर्यंत थांबत. काही महिन्यांनी पुन्हा भेटल्यावर सुधारायला आलेल्यांच्या बहुतांश जोड्या मोडल्या होत्या, आणि ओळख करून घ्यायला आलेल्यांच्या बहुतेक टिकल्या होत्या. विशेष म्हणजे टिकलेल्या जोड्यांमधली मुलंच पुढे आपणहून अडचणी सांगू लागली.

हे आपल्याकडे फार जड जाणारं आहे. मूल समोर आलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘कितवीत आहेस? किती पडले?’ त्यात प्रेम असतं, काळजीही असते. पण ज्या मुलाला दिवसभर शाळेत, मग क्लासमध्ये, मग घरी जोखलं जातं, त्याला या प्रश्नातून आणखी एक परीक्षक आल्याचं कळतं.

समजा, वर्तकनगरमध्ये एक दहा वर्षांचा मुलगा आहे. वडील वर्षापूर्वी गेले, आईची नोकरी मुंबईत, आजी गावी. वर्गात तो इतर मुलांवर हात उचलतो, घरी गप्प असतो. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका आईशी बोलून, शाळेच्या समुपदेशकांना विचारून ठरवतात की दर शनिवारी संध्याकाळी त्याला उपवन तलावावर न्यायचं. पहिल्या काही भेटीत मुलगा अगदी शहाण्यासारखा वागतो. ‘हो काका, नाही काका.’ काकांना वाटतं, याला तर काहीच झालेलं नाही. मग एका शनिवारी तो दारच उघडत नाही. पुढच्या वेळी येतो, पण मागे रेंगाळतो, दगड भिरकावतो, ‘तुम्ही बोअर आहात’ म्हणतो.

इथे पुष्कळ लोक सोडून देतात. आपण एवढा वेळ काढतो आणि याला किंमत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण हा टप्पा म्हणजे बऱ्याचदा सोबत लागू पडू लागल्याची खूण असते. ज्याचं एक माणूस अचानक गेलेलं आहे, ते मूल नव्या माणसावर जीव लावण्याआधी एक गोष्ट तपासून बघतं: मी वाईट वागलो तरी हा येतो का? काकांनी द्यायचं उत्तर बोलून द्यायचं नाहीच. ‘दगड माणसांकडे नाही मारायचा, पाण्यात मार’ एवढं सांगायचं, भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या, आणि पुढच्या शनिवारी पाच वाजता पुन्हा बेल वाजवायची.

मग कधीतरी, चालता चालता, तो म्हणतो, ‘बाबा मला इथे बोटीत बसवणार होते.’ हे बोलणं समोरासमोर बसून क्वचितच येतं. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून ते सोपं जातं. अशा वेळी काकांनी लगेच ‘अरे, आपण बसू की!’ म्हणायची घाई करू नये. ‘बाबांची आठवण येते तुला इथे आलं की’ एवढं वाक्य पुरतं. मनातल्या गोंधळाला कोणीतरी शब्द दिला की त्याचा जोर थोडा उतरतो. आणि मग गप्प राहायचं, पुढचं त्याला बोलावंसं वाटलं तर बोलू द्यायचं.

ठाण्यात या कामासाठी जागांची कमतरता नाही. तलावपाळीची फेरी, कचराळी तलावाचा चालण्याचा मार्ग, येऊरच्या पायथ्याचा रस्ता, १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, किंवा नुसती टीएमटीच्या बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येणं. मॉल आणि भेटवस्तू शक्यतो टाळाव्यात. दर वेळी काहीतरी मिळायला लागलं की मूल माणसाऐवजी वस्तूची वाट बघू लागतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मोठी माणसं कमी आहेत असंही नाही. सकाळी खाली बाकांवर बसलेले आजी-आजोबा बघा. ज्यांची नातवंडं पुण्याला किंवा परदेशात आहेत, असे कितीतरी जण तिथे असतात, आणि त्याच इमारतीत संध्याकाळी सातपर्यंत घरी एकटी असलेली मुलंही असतात.

पूर्वी वाड्यात, चाळीत हे आपोआप व्हायचं असं म्हटलं जातं. काही प्रमाणात ते खरं आहे. पण त्याच चाळीत मुलांना टोमणे मारणारी, हात उगारणारी माणसंही होती, आणि मुलाला त्यांच्यापासून सुटका नव्हती. ठरवून दिलेल्या सोबतीत आपल्याला माणूस निवडता येतो.

निवडायचा कसा? गुडमन यांनी यासाठी एक पद्धत बनवली होती. इच्छुकांना लहान गटात बसवायचं. एकाने स्वतःच्या आयुष्यातली खरी अडचण सांगायची, दुसऱ्याने ती समजून घ्यायची, बाकीच्यांनी बघायचं. कोण मनापासून ऐकतो, कोण स्वतःबद्दल मोकळेपणाने बोलतो, कोणाकडे ऊब आहे, हे पाच-दहा मिनिटांत दिसून येतं. सल्ला देणारा माणूसही लगेच ओळखू येतो.

आईवडिलांना स्वतःच्याच मुलासाठी हे करता येतं का? येतं, आणि त्याचीही रीतसर पद्धत आहे. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने १९६०च्या दशकात पालकांनाच खेळातून उपचार करायला शिकवलं. पुढे शीला आयबर्ग यांनी दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी विकसित केलेल्या उपचारात पालकांना रोज पाच मिनिटांचा गृहपाठ असतो. त्या पाच मिनिटांत खेळ मुलाने निवडायचा. पालकाने प्रश्न विचारायचे नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल करतंय ते शब्दांत मांडायचं (‘तू लाल ठोकळा वर ठेवलास’), त्याचं वाक्य परत म्हणायचं, आणि जे आवडलं त्याचं नेमकं कौतुक करायचं. करून बघा. पाच मिनिटं एकही प्रश्न न विचारता राहणं मोठ्या माणसाला किती अवघड जातं ते कळेल. आणि मुलाने दिवसभर काही चुकीचं केलं असलं तरी ही पाच मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत, कारण वाईट दिवशीच ती जास्त लागतात.

आता मर्यादा. मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, जेवण-झोप उडाली असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, किंवा वाढीच्या टप्प्यांबद्दलच शंका असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ. सोबत त्याच्या जोडीने चालू राहू शकते, त्याच्या जागी नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे, मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि सुरक्षितता. एक मोठा माणूस आणि एक मूल, नियमित, एकांतात, ही रचना शोषण करणाऱ्यालाही हवीच असते. म्हणून भेटी चारचौघांत दिसतील अशा जागी व्हाव्यात, दार बंद खोलीत नाही. कुठे जातोय, कधी परतू, हे घरी माहीत असावं. ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ असं वाक्य सोबती कधीही बोलणार नाही, आणि कोणी बोललं तर घरी येऊन सांगायचं, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. मूल जे सांगेल ते दुसऱ्यांना सांगणार नाही, असं वचनही देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. सोबत करू इच्छिणाऱ्या चांगल्या माणसाला हे नियम अपमान वाटता कामा नयेत. ते त्याचंही रक्षण करतात.

शेवटी, सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: वर्षभर जमेल का? जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२ साली ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’च्या त्याच मोठ्या पाहणीतली माहिती पुन्हा तपासली. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांमधल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत मात्र आधीपेक्षा खाली गेलं होतं. आधीच कोणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेलं, एवढाच त्याचा अर्थ लागतो. म्हणून दोन महिन्यांच्या उन्हाळी उत्साहात हे काम घेऊ नये. परीक्षा, बदली, आजारपण यांचा हिशोब आधी करावा. आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला ठेवावं, पण ठरलेलं पाळावं.

कधी तरी सोबत संपणारच. तेव्हा निदान महिनाभर आधी मुलाला सांगावं, आणि कारण खरं सांगावं: ‘मला पुण्याला नोकरी लागली’, ‘माझे गुडघे आता चालत नाहीत’. कारण कळलं नाही तर ते स्वतःत शोधणं ही मुलांची रीत आहे. शेवटच्या भेटीत काय करायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. चिडलं, यायला नको म्हणालं, तरी ठरल्या वेळी जाऊन बेल वाजवावी. ‘फोन करीन’ हे खरोखर करणार असाल तरच म्हणावं, आणि म्हटलंच, तर पहिल्या फोनचा वार आणि वेळ त्याच्या समोर कॅलेंडरवर लिहून यावी.